दाराआडचा हिशेब

जॉबर बाहेर उभा आहे आणि आत बदलीवाला पोरगा निवांत जेवतो आहे, हे दृश्य मी लहानपणी इतक्या वेळा पाहिलं की त्यात काही नवल आहे हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. मिलमध्ये त्या पोराला आज काम मिळणार की तो हात हलवत परत येणार, हे ह्याच जॉबरच्या मर्जीवर असायचं. पण आजीच्या खोलीत जो आधी आला तो आधी बसायचा. दहा बाय बाराची खोली, एका वेळी आठ पितळ्या मांडल्या जायच्या. नववा माणूस कुणी का असेना, गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा राहायचा आणि आतून "बसा रे, भात निवता" अशी हाक आली की चपला काढून आत यायचा. हा नियम आजीने कधी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. कुणी मोडल्याचंही आठवत नाही.

आजी म्हणजे माझ्या आईची आई. लालबागच्या आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर तिची खोली आणि तिथेच तिची खाणावळ. आम्ही त्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहायचो, म्हणजे झोपायला वर आणि बाकी सगळा दिवस आजीकडे. खाणावळीला पाटी नव्हती, नाव नव्हतं. गावाहून आलेल्या नव्या पोराला गाववाले सांगायचे, "मावशीकडे जा." तेवढा पत्ता पुरायचा. ती सगळ्यांची मावशी होती. वयाने तिच्याहून मोठे असलेले दोघे-तिघे साचेवालेसुद्धा तिला मावशीच म्हणायचे.

ती मूळची मालवणच्या बाजूची. लग्न होऊन बोटीने मुंबईला आली ती भाऊच्या धक्क्यावर उतरली, आणि उतरल्यावरही दोन दिवस जमीन हलतेय असं वाटत होतं, हे ती दर गणपतीला नव्याने सांगायची. आजोबा साचेखात्यात होते. कापसाच्या धुळीने त्यांची छाती धरली आणि ते लवकर गेले. कधी गेले, तर डॉकात स्फोट झाला त्या सुमाराला. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या बंदरात दारूगोळ्याची बोट फुटली, सोन्याच्या विटा कुणाकुणाच्या घरावर येऊन पडल्या, त्या स्फोटाच्या आदल्या पावसात आजोबा गेले असं आई म्हणते. मामा म्हणतो, पुढच्या पावसात. तो तेव्हा पाळण्यात होता, तरी हट्टाने सांगतो. कागद कुणाकडेच नाही. आमच्या घरात सगळ्या गोष्टींच्या तारखा अशाच होत्या, स्फोटाच्या आधी, रेशनच्या नंतर, संपाच्या वर्षी.

आजोबा गेल्यावर लोक म्हणाले, गावी जा. ती गेली नाही. तिची सासू आधीपासून पाच-सहा गाववाल्यांना जेवण करून घालायची, तेच तिने हाती घेतलं. ह्या सासूने, म्हणजे माझ्या पणजीने, १९२८चा संप पाहिला होता. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने गिरण्या बंद. तेव्हा पणजीने म्हणे एकाचंही ताट बंद केलं नव्हतं. हे 'म्हणे' आमच्याकडे आजीकडून आलं. पण आजीने ते ज्या तऱ्हेने पाळलं, त्यावरून खरं असावं.

ज्यांनी तो गिरणगाव पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कोकणातले, घाटावरचे पुरुष इथे एकटे यायचे. बायका-पोरं गावी शेतावर. इथे एकेका गावाची एक खोली असायची, तिला गाळा म्हणायचे. एका गाळ्यात वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. एक उठून कामाला गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा. खोली कधी रिकामी नाही आणि कधी पुरती भरलेलीही नाही. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली ताडदेवला उभारायला घेतली, तेव्हापासून शंभर-सव्वाशे वर्षं ही माणसं आली, राबली आणि म्हातारपणी गावी परतली. त्यांना दोन वेळा जेवायला घातलं ते अशा खोल्याखोल्यांतल्या बायकांनी. गिरण्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. शेगडीपुढे बसलेल्या या बायका मात्र त्यात कुठेतरी एखाद्या ओळीत दिसतात.

आजीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. भुशाची शेगडी भरणं हे एक कौशल्याचं काम होतं. मधे बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासायचा आणि बाटली अलगद वर काढून घ्यायची. मला ते कधी जमलं नाही, बाटली काढताना माझा भुसा ढासळायचा. आजी काही न बोलता पुन्हा भरायची. मग टोपात भात, दुसऱ्या शेगडीवर आमटी. मी शाळेला निघेपर्यंत पाट्यावरचं वाटण होऊन गेलेलं असायचं आणि खोलीभर ओल्या खोबऱ्याचा, धण्याचा, तिरफळांचा वास. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी. सोमवारी काळ्या वाटाण्यांची उसळ. पावसात मासळी महागली की सुकटाची चटणी, भाजलेला बोंबील आणि कुळथाची पिठी. पिठी जरा लसणीची फोडणी बसून दाट झाली की माणसं दोन डवल्या भात जास्त मागायची, आणि आजीला ते आधीच ठाऊक असल्यामुळे त्या दिवशी तांदूळ जास्त धुतलेले असायचे.

मासळी कापायला ती आडाळ्यावर बसायची. बांगड्याचे तुकडे कसे करायचे हे मी तिच्याकडे बघून शिकले. डोक्याचा, मधला, शेपटीचा. मधला तुकडा सगळ्यांना हवा. आज ज्याला मधला मिळाला त्याला उद्या शेपटीचा, हे तिच्या डोक्यात पक्कं. वीस-बावीस माणसं, आठवड्यातून तीन वेळा, आणि चूक नाही. जॉबरला मधला तुकडा त्याच्या पाळीच्या दिवशीच. त्याने सणाला एकदा नारळांचं पोतं आणून दिलं होतं. आजीने ते ठेवून घेतलं, रविवारी सगळ्यांना खोबऱ्याचा रस करून घातला आणि त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "तुझे नारळ गोड निघाले हां." त्याच्या पितळीत शेपटीचा तुकडा होता. तो हसला आणि जेवला. त्या हसण्यात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

आता दाराबद्दल.

भिंतीत एक कपाट होतं, त्याला एकच फळीचं दार. दाराच्या आतल्या अंगाला आजीचा हिशेब. तिला अक्षरओळख नव्हती. प्रत्येक माणसाची एक खूण होती, कोळशाने काढलेली. मासोळी, छत्री, कोयती, तीन टिंबं, एक वेटोळं, शिडी. प्रत्येक खुणेखाली रेघा. माणूस जेवायला आला नाही की खाडा, त्याची आडवी रेघ, कारण खाड्याचे पैसे महिन्याला वजा व्हायचे. उसने दिले असतील तर त्याचं आणखी काहीतरी, बहुधा टिंब. दहा तारखेला पगार झाला की एकेक जण येऊन पैसे द्यायचा आणि ती ओल्या फडक्याने त्याची रांग पुसायची.

आठ-नऊ वर्षांची असताना मी तो हिशेब वाचायचा चंग बांधला होता. छत्री म्हणजे तो पावसाळ्यात मोठी छत्री घेऊन येणारा कणकवलीवाला, असा माझा अंदाज. मी छत्रीच्या रेघा मोजल्या, त्याचे खाडे मोजले, जुळेनात. मासोळी म्हणजे मासे आवडणारा, तर ते सगळ्यांनाच आवडत. महिनाभर खटपट करून शेवटी मी तिलाच विचारलं. तिने माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि मूठ मिटवली. पुढे कधीतरी लक्षात आलं की खुणा मधूनमधून बदलायच्या. मागच्या महिन्याची शिडी या महिन्यात कुणी दुसराच असायचा.

ती असं का करते, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. खोली लहान. जेवायला येणाऱ्यांची नजर त्या दारावर जाणारच. कुणाची किती उधारी, कोण महिन्यात आठ दिवस दारू पिऊन गुत्त्यावरच पडला, कुणी बायकोला पैसे पाठवायला उसने घेतले, हे सगळं तिथे लिहिलेलं. सगळ्यांसमोर आणि तरी कुणालाच न कळेल असं. वीस पुरुषांची लाज त्या फळीवर होती आणि ती वाचता येणारी एकच बाई होती.

लोक तिचं का ऐकत, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या फळीवर आहे. तिच्या हातचं जेवण चांगलं होतं हे खरं, पण चांगलं जेवण लालबागेत इतर बायकाही करत. ती कुणाला घाबरत नसे हेही खरं, पण न घाबरणारे दादा तर गल्लीगल्लीत होते. तिला प्रत्येकाचं काहीतरी माहीत होतं. आणि तिने ते कधी काढलं नाही. भांडणात नाही, रागात नाही, उधारी थकली तेव्हा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. एखादा पंगतीत दुसऱ्याचं उणं सांगायला लागला की ती म्हणायची, "माका नको सांगा, तेका सांगा." तो गप्प व्हायचा. आपलंही हिच्यापाशी असंच जपून ठेवलेलं आहे, हे त्याला त्या क्षणी आठवत असणार.

तांदळाच्या डब्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांत जास्त वेळा सांगितली गेली आहे. मामा म्हणतो डबा पिठाचा होता. आई म्हणते तांदळाचा, आणि डबा रोज धुणारी ती होती, म्हणून मी तांदळाचा धरते. पगाराचा दिवस. गाळ्यात एकाचं पाकीट गेलं. पगाराचं म्हणजे सगळा महिना, गावची मनिऑर्डर, सावकाराचं व्याज. संशय गेला नव्या बदलीवाल्या पोरावर, कारण तो नवा होता. चार जणांनी त्याला धरून आणला, शर्ट फाटलेला. कुणी म्हणालं पोलिसात द्या, कुणी म्हणालं आधी चोपा. का कोण जाणे, पण वाटेत ते आजीच्या दाराशी थांबले.

आजी भाकऱ्या थापत होती. तिने त्या पोराकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी जेवा. मगे बोला." ते जेवायला बसले. पोरगाही बसला, रडत. सगळे हात धुऊन उठले तेव्हा तिने सांगितलं की आज रात्री ती दाराला कडी लावणार नाही. दिवा मालवणार. तांदळाचा डबा दाराजवळ ठेवणार, झाकण नुसतं टेकवून. बस, एवढंच. चोर कोण, याबद्दल एक शब्द नाही. गाळ्यातल्या प्रत्येकाने रात्री एकेकटं येऊन त्या डब्यात हात घालून जायचा होता. सगळ्यांनी, ज्याचं पाकीट गेलं त्यानेही. म्हणजे कुणी कुणाकडे बघायला नको.

आई तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. ती सांगते, रात्रभर दाराचं करकरणं आणि तांदळाचा खसखस आवाज. एकवीस वेळा. तिने मोजलं. सकाळी पाकीट डब्यात होतं.

माझं बालमन पुढे विचारायचं, मग चोर कोण होता? आईने आजीला विचारलं होतं. अंधार असला तरी आजीला पावलं ओळखू येत असणारच, जिन्यावरच्या पावलांवरून ती पितळ्या मांडायची. "एकवीस जाण इले, एकवीस जाण गेले," असं आजी म्हणाली. मरेपर्यंत तिने यापुढे एक अक्षर सांगितलं नाही. तो माणूस पुढे कितीतरी वर्षं तिच्याकडे जेवत राहिला असेल. शेपटीचा तुकडा त्यालाही पाळीनेच मिळाला असेल, मधलाही.

पुढे चाळीत, मग शेजारच्या दोन चाळींत, काही झालं की लोक तिच्याकडे येऊ लागले. नळाच्या पाण्याची भांडणं, भाडेकरूची भांडणं, पळून जाऊन लग्न केलेली जोडपी. ती न्यायनिवाडा करत नसे. जेवायला बसवायची. ताटावर बसलेल्याला काही विचारायचं नाही, हा तिचा दंडक. "ताटार बसलल्याक इचारूचा नसता." जेवून झाल्यावर निम्मे तंटे तसेच मिटलेले असायचे. उरलेल्यांसाठी तिच्याकडे वेळ असायचा. दोघांना समोर बसवून सुपारी कातरत ती ऐकायची आणि फार तर एखादा प्रश्न विचारायची.

१९५६च्या जानेवारीची गोष्ट मामाकडून ऐकलेली. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढणार अशी घोषणा झाली आणि गिरणगाव पेटला. संचारबंदी, गोळीबार. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांतली कितीतरी गिरणगावातली. मामा सांगतो, चाळीच्या जिन्यात अश्रुधुराचा वास कोंडला होता आणि आजी वरून पाण्याने भिजवलेली फडकी खाली टाकत होती. तिच्याकडची सगळी फडकी संपली तेव्हा तिने लुगडं फाडलं. तिला लुगडं फाडताना पाहिल्यावर समोरच्या गॅलरीतल्या बायकांनीही फाडली. मामाच्या आठवणीत तेव्हा आभाळातून कपड्यांच्या चिंध्यांचा पाऊस पडत होता. लहान मुलाच्या आठवणीला थोडं वाढवून सांगण्याचा हक्क असतो. पण आजीकडे त्यानंतर बरेच दिवस दोनच लुगडी होती, हे आईही सांगते.

१९७२ मात्र माझ्या स्वतःच्या आठवणीतलं. मी दहा वर्षांची. दुष्काळ, रेशनच्या दुकानावर लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीला चिकटपणा नाही, थापली की कडा फाटायच्या. कोकणातला माणूस, त्याला भात हवा, आणि तांदूळ मिळत नव्हता. आजीने तेव्हा पहिल्यांदा पंगतीत हात जोडलेले मी पाहिले. म्हणाली, आज हेच आहे. कुणी बोललं नाही. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या बायकांनी महागाईविरुद्ध समिती काढली आणि लाटणी घेऊन मोर्चे निघाले. चाळीत कुणीतरी निरोप घेऊन आलं, बायकांनी यायचं आहे. बायका कुजबुजल्या, नवऱ्यांना विचारायचं म्हणाल्या, पाळीच्या वेळा म्हणाल्या. दुपारी आजीने लाटणं पदरात खोचलं, मला हाताला धरलं आणि जिना उतरली. एवढंच केलं तिने. खाली पोहोचेपर्यंत मागून दारं वाजायला लागली होती. रस्त्यावर आलो तेव्हा मागे वळून पाहिलं तर आमच्या चाळीच्या सगळ्या मजल्यांवरच्या बायका होत्या, कुणाकुणाकडे लाटणं नव्हतं तर उलथनं होतं. मोर्चात आजी पुढे गेली नाही. कळशी घेऊन मागे राहिली आणि थकलेल्या बायकांना पाणी पाजत चालली. घोषणा देताना ती एक शब्द मागे असायची, कारण पुढचं नीट ऐकू येत नसे.

पुढे १९७५ला प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. तोवर या बायकांचं सगळं भांडवल वाण्याच्या उधारीवर आणि पठाणाच्या व्याजावर चालायचं. बँकांचं १९६९ साली राष्ट्रीयीकरण झालं होतं, पण पाटी नसलेल्या, सही न येणाऱ्या बाईला कोण कर्ज देणार? मंडळाने बायकांचे गट केले, एकमेकींनी एकमेकींचा जामीन व्हायचं. आजीला लोक म्हणाले, तुझं नाव गटाच्या पुढे घालू. "माझा नाव कशाक?" म्हणून तिने शेजारच्या तरण्या विधवेचं घालायला लावलं. मग त्या बाईचे हप्ते चुकू नयेत म्हणून वर्षभर तिच्याबरोबर चालत बँकेत जायची. स्वतःचा अंगठा उमटवायची आणि निळं बोट घेऊन घरी येऊन भात टाकायची.

आता १९८२. हे लिहिताना हात जरा थांबतो.

१८ जानेवारीला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या पाठीमागे अडीच लाखांच्या आसपास कामगार. पहिल्या महिन्यात चाळीत सण असल्यासारखं होतं. कधी नव्हे ते सगळ्या पाळ्यांची माणसं एकाच वेळी जागी, भजनं, पत्ते. भोंगा वाजत नव्हता, त्यामुळे पहाटे आजीला जाग यायला अडचण व्हायची असं ती म्हणायची, पण जाग यायचीच. मार्च उजाडला आणि माणसं गावी जायला लागली. ट्रंक डोक्यावर घेऊन, आजीच्या पाया पडून. उरली दहा-बारा. त्यांची उधारी फळीवर वाढत गेली, रेघांना जागा पुरेना. आजीने दाराची चौकट वापरली, मग कपाटाची आतली बाजू. पणजीचा शब्द होता, संपात ताट बंद करायचं नाही. एप्रिलमध्ये तिच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. वाण्याला तिने काय सांगितलं ठाऊक नाही, पण त्याने तिचं खातं बंद केलं नाही. इतर बऱ्याच जणांचं केलं होतं.

एके दिवशी कळलं की गाळ्यातला एक जण पहाटे लपून मिलमध्ये जातो आहे. पोलिसांच्या बंदोबस्तात काही गिरण्या थोड्याफार चालवल्या जात होत्या. त्या रात्री तो जेवायला आला तेव्हा आत सात जण बसलेले. तो आठवा. आठवं पान मोकळं होतं. एक जण म्हणाला, हा बसला तर आम्ही उठतो.

मी दाराशी होते. वीस वर्षांची, संपाच्या सभांना जाणारी. माझं मन त्या सात जणांच्या बाजूचं होतं, आजही मोठा भाग त्यांच्याच बाजूचा आहे. आजीने त्या आठव्या पितळीत भात वाढला, आमटी वाढली. म्हणाली, "हंय मिल नाय. हंय पंगत आसा." मग जे तिने कधी केलं नव्हतं ते केलं. सगळे जेवून उठल्याशिवाय न जेवणारी ती, पितळी घेऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि जेवू लागली. ते सात जण बराच वेळ नुसते बसून राहिले. मग एकाने भात कालवला. कुणी कुणाशी बोललं नाही. इतकी शांत पंगत त्या खोलीत पूर्वी झाली नव्हती.

तो तीन-चार दिवस आला. नंतर गावी निघून गेला, कामावरही गेला नाही. मला आजीचा राग आला होता. तिने त्याला पाठीशी घातलं असं वाटलं. मी तसं बोललेही. ती काही म्हणाली नाही, मला वाटतं सुपारी कातरत होती.

आजी गेल्यानंतर आईने सांगितलं. त्या माणसाची मुलगी आजारी होती, मिरजेला दवाखान्यात. आजीला ठाऊक होतं, तिनेच त्याला दोनदा पैसे दिले होते. पण त्याने आजीला कुणाला न सांगण्याबद्दल बजावलं होतं. पंगतीत ती एक वाक्य बोलली असती तर त्या सात जणांनी त्याला मिठी मारली असती. वर्गणी काढली असती. त्यांना ती चांगली ओळखत होती. तरी ती बोलली नाही, कारण ते सांगणं तिचं नव्हतं. मी याचा खूप विचार केला आहे. कधी वाटतं, तिने सांगायला हवं होतं, त्या एका वाक्याने एक माणूस गाळ्याला परका व्हायचा वाचला असता. कधी वाटतं, ते वाक्य तिने उच्चारलं असतं तर त्या फळीवरच्या सगळ्या खुणा त्या क्षणी उघड्या पडल्या असत्या, आणि मग ती शेजारी जेवायला बसली म्हणून सात माणसं गप्प राहिली नसती. मला आजही नक्की ठरवता येत नाही.

संप कुणी मागे घेतला नाही. तो नुसता विरत गेला. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी राहिल्या. आजीकडे नंतर पाच-सहाच जण जेवायचे, त्यांतला एक वॉचमन झाला होता, एक भाजी विकायचा. १९९१च्या पावसात आजी गेली. जाण्याआधीच्या दिवाळीत तिने खोलीला चुना काढायला लावला आणि कपाटाचं दार आतून स्वतः रंगवलं, दोन हात. १९८२ची बरीचशी बाकी त्या चुन्याखाली गेली. कुणी देऊन गेलं, कुणी नाही. कोण कुठला, आता कळायचा मार्ग नाही.

तेराव्याला आम्हाला वाटलं होतं पंधरा-वीस माणसं येतील. सकाळपासून जिना वाजत होता. कोकणातून रात्रीच्या एसटीने आलेले, विरारहून, बदलापूरहून आलेले, टोप्या घातलेले म्हातारे. पिठी केली होती, वडे होते, काळ्या वाटाण्यांची उसळ. खोलीत आठच पानं मांडता येत होती, मामा म्हणाला खाली मंडप घालू, चार-चार पंगती बसवू. पण तोवर माणसं बसायलाही लागली होती. आठ आत, बाकीचे गॅलरीत कठड्याला टेकून, एकमेकांच्या मागे, जिन्यापर्यंत, जिन्यावरून खाली अंगणात. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी वाढत होते. दारात पाहिलं तर जुना जॉबर उभा होता, काठी टेकून, ऐंशीच्या घरातला. त्याच्या पुढे पंचविशीचा एक पोरगा होता, कुणाचा तरी नातू, आजीला त्याने पाहिलंही नसेल. पोरगा मागे सरून म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसा आधी."

जॉबरने मान हलवली आणि त्याला पाठीवर हात ठेवून आत ढकललं. आठवं पान त्याचं होतं. मी त्याच्या पितळीत भात वाढला.